टीम नांदेड

१२ ऑक्टोबर, रविवार
निर्णय पक्का. लातूरला डिसेंबरात 'फुंकर'साठी दहा किलोमीटरची दौड आहे. मी पळणार.

पुढे कधी वाचलं तर संदर्भ लागावा म्हणून लिहून ठेवतो. फुंकर म्हणजे ज्योत्स्ना काम करते ते केंद्र. अपघात, आग, घरातली मारहाण असलं काही डोळ्यांनी पाहून ज्या लेकरांची झोप उडाली किंवा बोलणं बंद झालं, त्यांच्यासाठी. दौडीतून त्यांना निधी मिळतो. काम चांगलं आहे आणि मी पळणार ते निव्वळ कामासाठी. बायको तिथे आहे हा योगायोग.

ज्योत्स्ना लातूरला तात्पुरती आहे. प्रियाच्या नीटच्या क्लाससाठी मायलेकी तिकडे खोली करून राहिल्या. पोरगी दिवसभर क्लासला, ही खोलीत बसून कंटाळली, म्हणून फुंकरला जायला लागली. आता प्रिया संभाजीनगरला डेंटलला लागली, होस्टेलवर गेलीसुद्धा. म्हणजे ज्योत्स्ना येणारच. मधेच काम टाकून येणं बरं दिसत नाही, एवढाच प्रश्न आहे. दौड झाली की सोबतच येऊ.

फॉर्ममध्ये 'वैयक्तिक की संघ' विचारलं होतं. संघ लिहिलं. नाव 'टीम नांदेड'. कॅप्टन आनंदराज, म्हणजे मी. ऑफिसातले पाच-सहा जण सहज तयार होतील.

ज्योत्स्नाला फोन करून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. आनंद झाला की ती गप्प होते. मग म्हणाली, आधी डॉक्टरला दाखवून घ्या.

१३ ऑक्टोबर, सोमवार. पहाटे
अलार्म वाजला. शरीराला एकदम ताण देऊ नये असं सगळे तज्ज्ञ सांगतात. आज फक्त अलार्म ऐकला. उद्यापासून उठणे.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ
ऑफिसात विषय काढला. आमचं पाटबंधारे खातं, त्यामुळे सगळे बसून बसून जड झालेले. शेजारच्या टेबलावरचा चंद्रप्पा देगलूरचा आहे. मोकळा माणूस. त्याने गुडघ्याचं कारण दिलं. पण लातूरला एखादं लग्न निघालं तर येतो म्हणाला. बाकीच्यांनी शुभेच्छा दिल्या.
टीम सध्या एकाची. छोटी टीम सांभाळायला सोपी.

१५ ऑक्टोबर, बुधवार
वजिराबादेतून बूट आणले. केशरी. दुकानदार एक नंबर मोठा घ्या म्हणत होता, पळताना पाय फुगतो म्हणे. माल खपवायची युक्ती. मी बरोबर मापाचे घेतले. थोडे आवळतात. वापरून सैल होतील.

१९ ऑक्टोबर, रविवार
सराव सुरू. घरापासून गोवर्धन घाट, आणि तसंच पळत परत, असा प्लॅन होता.
पहिल्या चौकापर्यंत अत्युत्तम. शाळेत असताना नायगावात मी चारशे मीटरला तिसरा आलो होतो. पाया जुना आहे, तो जात नाही. पुढे एक कुत्रं मागे लागलं, त्यामुळे वेग नको तेवढा वाढला आणि श्वासाची लय बिघडली. यात माझी चूक नाही. टपरीवर चहा घेतला. परत येताना ऑटो केला, कारण ऊन वाढलं होतं.
ऑटोवाल्याने विचारलं, मॉर्निंग वॉक का? मी म्हणालो, रनिंग. तो म्हणाला, बरं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
दिवाळीच्या सुट्टीत प्रिया येऊन गेली. आधी लातूरला चार दिवस, मग इथे एक दिवस. इकडची बस गैरसोयीची आहे.
पोरगी आली आणि आधी भांडी घासत बसली. मी म्हणालो ठेव, बाई येतात. तरी घासली. मग मागून विचारते, पप्पा, मम्मी कधी येणार ते तुम्ही तिला विचारलं का? मी म्हणालो, ठरलेली गोष्ट काय विचारायची. तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. काहीतरी सांगेल असं वाटलं. मग म्हणाली, बूट छान आहेत.
बुद्धप्रिया नाव मी ठेवलेलं. स्वभाव आईचा. मनातलं बाहेर काढत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार
निधी जमवणे सुरू. कॉलनीच्या ग्रुपवर मोठा मेसेज टाकला. माझा केशरी बुटांतला फोटो, फुंकरची माहिती, मी कशासाठी पळतो आहे याच्यावर चार ओळी. खाली तीन अंगठे आले, एक गुलाबाचं फूल, आणि कुणीतरी नळाला पाणी कधी येणार ते विचारलं. थोड्या वेळाने ॲडमिन साहेबरावांनी सूचना टाकली की ग्रुपवर देणगी मागू नये. सूचना सगळ्यांसाठी आहे. माझं नाव कुठेही नाही.

भाकरी करायला येतात त्या चांगुणाबाईंनी विचारलं, कशाचं पळून राहिले साहेब? मी समजावून सांगितलं. मनाला बसलेला धक्का, लेकरं, वगैरे. त्यांनी हात धुतले, पदराची गाठ सोडली आणि घडी केलेली नोट ओट्यावर ठेवली. म्हणाल्या, "आमच्या पोरीला तसंच झालतं. तवा असलं काही नव्हतं." आणि परत पीठ मळायला लागल्या.
पोरीला काय झालं होतं ते विचारणार होतो. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.
पहिली देणगी. पावती द्यायची राहिली.

९ नोव्हेंबर, रविवार
डावा गुडघा. विश्रांती. चांगल्या खेळाडूला कधी थांबायचं ते कळतं.
आजपासून ओट्स.

९ नोव्हेंबर, दुपार
चंद्रप्पा घरी आला, सोबत मिरचीभजी घेऊन. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. उद्यापासून ओट्स.

१६ नोव्हेंबर, रविवार
ज्योत्स्नाचा फोन. म्हणजे मी केला, पण तिने उचलला. आवाज खुशीत होता. केंद्रात भीमा नावाची आठ वर्षांची मुलगी आहे. तिच्या शेजारच्या घरी गॅसचा स्फोट झाला, ती अंगणातच खेळत होती. तेव्हापासून एक शब्द नाही. आवाज झाला की मिळेल तिथे लपते. तर ती आज खडू म्हणाली. लाल खडू. ज्योत्स्ना पुन्हापुन्हा सांगत होती, स्वतःहून म्हणाली, मी मागितला नाही, विचारलं नाही, तिनं स्वतःहून मागितला.
एका खडूबद्दल एवढं बोलण्यासारखं काय ते मला कळलं नाही, पण ऐकलं. मग मी माझ्या सरावाचं सांगायला लागलो तोवर तिला दुसरा फोन आला.

२३ नोव्हेंबर, रविवार
मोबाइलवर पळण्याचं ॲप घेतलं. आजचा वेग थक्क करणारा. परतीच्या ऑटोत बंद करायचं राहिलं हे खरं, पण ऑटो वजा केला तरी प्रगती आहे. स्क्रीनशॉट ज्योत्स्नाला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या.
चहा सवयीने दोन कप झाला. दोन्ही मीच घेतले. सराव करणाऱ्याने पातळ पदार्थ जास्त घ्यावेत.

१ डिसेंबर, सोमवार
योजना तयार. चौदा तारखेला दौड. ज्योत्स्ना सहाव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलावर असणार, तिनेच सांगितलं. मी वेगात येईन, पाणी घेईन आणि चालता चालता म्हणेन, चल, झालं तुझं काम, सामान भरू. तिथे बोललो तर रडारड होणार नाही. दुपारची बस, संध्याकाळी नांदेड.
घर आवरायला काढलं. हॉलला हिरवे पडदे आणले, तिला हिरवा आवडतो. की निळा, ते नक्की आठवत नाही. दुकानात हिरवे होते.
रजेचा अर्ज देताना चंद्रप्पाला सांगितलं. त्याने पेन खाली ठेवला. "वहिनी येतो म्हणल्या का?" मी म्हणालो, येणारच ना. तो म्हणाला, "तसं न्हाई. तोंडानं म्हणल्या का?"
चंद्रप्पा चांगला माणूस आहे, पण दुसऱ्याचं सुख त्याला पटकन पचत नाही.

६ डिसेंबर, शनिवार
संध्याकाळी पांढरा शर्ट घालून पुतळ्याजवळ गेलो. मेणबत्ती लावली. दरवर्षी आम्ही तिघं जायचो. प्रिया लहान असताना तिला खांद्यावर घ्यायचो. या वेळी ओळखीचे बरेच भेटले. प्रत्येकाने विचारलं, मॅडम? प्रत्येकाला सांगितलं, लातूरला, कामात.
वारा होता. मेणबत्ती विझली. शेजारच्या बाईंनी त्यांच्या ज्योतीवरून लावून दिली.
आज बाकी काही नाही.

१३ डिसेंबर, शनिवार. लातूर
लोहा, अहमदपूर करत बस दुपारी पोचली. उतरलो लॉजवर. ज्योत्स्नाच्या खोलीत केंद्रातल्या आणखी एक ताई राहतात, त्यामुळे तिथे सोय नाही. लॉज स्वच्छ आहे. दौडीआधी खेळाडूला एकांत लागतोच.

दौडीचा नंबराचा बिल्ला घ्यायला केंद्रात गेलो. जुनं बैठं घर, दारात चपलांचा ढीग, भिंतींवर लेकरांची चित्रं. ज्योत्स्ना फरशीवर मांडी घालून बसली होती आणि चार पोरं तिच्या अंगावर रेलून काहीतरी चिकटवत होती. ती हसत होती. हे हसणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मी दारात उभा होतो, म्हणजे मला पाहूनच हसली असणार. नंतर लक्षात आलं की तिची पाठ माझ्याकडे होती.

पोरांना द्यायला फुगे आणले होते. तिथेच फुगवायला घेतले. तिसरा फुटला. हल्ली फुग्यांचा माल फार हलका येतो. मोठा आवाज झाला. एक बारकी पोरगी खाली मान घालून सरळ टेबलाखाली गेली आणि दोन्ही कान दाबून बसली. तीच भीमा. मी सॉरी म्हणालो, चॉकलेट पुढे केलं. ती आणखी आत सरकली.

ज्योत्स्ना उठली, साडी सावरली आणि टेबलाखाली जाऊन तिच्याशेजारी बसली. बोलली नाही, जवळ घेतलं नाही, नुसती बसून राहिली. बाकीची पोरंही आवाज न करता आपापलं चिकटवायला लागली. मी लहान मुलांच्या खुर्चीत बसून होतो. माझा चहा येऊन निवला. बऱ्याच वेळाने टेबलाखालून एक बारीक हात बाहेर आला आणि ज्योत्स्नाचा पदर धरला.

मला निघायला पाहिजे होतं, पण खुर्चीतून उठता येईना. आवाज होईल म्हणून उठलो नाही.

निघताना ज्योत्स्ना दारापर्यंत आली. उरलेले फुगे माझ्याकडून मागून घेतले आणि म्हणाली, लवकर झोपा, उद्या जपून पळा. फुग्यांबद्दल काही नाही. म्हणजे रागावलेली नाही.

१४ डिसेंबर, रविवार. बसमध्ये
अक्षर हलतं आहे. बस अहमदपूरला थांबली आहे, पण इंजिन चालूच आहे. नीट लिहून ठेवायला पाहिजे.

सुरुवात क्रीडा संकुलापासून. थंडी. टी-शर्टांचा नुसता महापूर, शाळांची पोरं, डॉक्टर मंडळी, एक आजोबा धोतरावर. बंदूक नाही, फटाके नाहीत, शिट्टीसुद्धा नाही, एका बाईंनी हिरवा झेंडा हलवला. मला कारण कळलं. कालच कळलं होतं.

माझी सुरुवात जोरदार. थोडी जास्तच. पहिल्या वळणाला दम लागला, मग मी डावपेच बदलून चालायला घेतलं. धोतरवाले आजोबा पुढे गेले. एक बाई बाबागाडी ढकलत पुढे गेल्या. बाबागाडीतल्या बाळाने माझ्याकडे वळून पाहिलं. अंगठा बुटात जळत होता. मागून रुग्णवाहिका हळूहळू येत होती, सगळ्यांत शेवटी असणाऱ्याच्या मागे ती असते. बराच वेळ मला वाटलं, ती दुसऱ्या कुणासाठी आहे.

सहाव्या किलोमीटरला टेबल. ज्योत्स्ना एकटीच उरली होती. बाकी सगळे ग्लास गोळा करून गेलेले. ती माझ्यासाठी थांबली होती. हे महत्त्वाचं आहे, म्हणून लिहितो. थांबली होती.

मी पाणी प्यायलो. ती माझ्याबरोबर चालायला लागली. ठरवल्याप्रमाणे म्हणालो, चल, झालं तुझं काम, सामान भरू, दुपारची बस आहे. श्वास नव्हता, त्यामुळे वाक्य तुकड्या-तुकड्यात निघालं.

ती म्हणाली, "अहो, मी येणार नाही."

मी म्हणालो, आज नाही तर पुढच्या आठवड्यात. जानेवारीत.

"नाही. मला इथं कायम घेतलंय. मी हो म्हणाले. दिवाळीतच सांगणार होते, तुम्ही विचारलंच नाही. प्रियाला माहीत आहे."

मी विचारलं, माझं काय चुकलं. ती म्हणाली, भांडण नाही, राग नाही, तसं काही मनात आणू नका. थोडं अंतर आम्ही तसेच चाललो. रस्त्याच्या कडेला एक माणूस दुकानाचं शटर वर करत होता, त्याने आमच्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या.

मग ती म्हणाली, "नांदेडला मी दिवसभर तुमची वाट बघायची. तुम्ही यायचे, पेपर घेऊन बसायचे. इथं सकाळी दार उघडलं की माझी कुणीतरी वाट बघत असतं. मला ते सोडवत नाही."

मी हिरव्या पडद्यांचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. ती म्हणाली, चांगले दिसत असतील. माझ्या पाठीवर हात ठेवला, घामाने ओल्या शर्टावर, आणि म्हणाली, जा, पूर्ण करा. तिला टेबल आवरायचं होतं.

मी पळायला लागलो. दोन महिन्यांत पळालो नव्हतो तसा. दुखत होतं, पण थांबलो तर उभं राहावं लागलं असतं, आणि उभं राहून काय करायचं ते सुचत नव्हतं. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, काका, बसता का आत? मी हाताने नाही म्हणालो.

पोचलो तेव्हा शेवटची कमान, ती हवा भरलेली असते, तिची हवा सोडली होती. अर्धी खाली बसली होती, मी वाकून आत गेलो. मेडल संपली होती. प्रमाणपत्र मिळालं, नावाची जागा कोरी. टेबलावरच्या पोरीने पेन दिलं आणि म्हणाली, अंकल, तुम्हीच टाका ना, आमचं अक्षर चांगलं नाही.

टाकलं.

१५ डिसेंबर, सोमवार
ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. सांगितलं, दौड पूर्ण केली. चंद्रप्पाने स्वतः उठून हात मिळवला. वहिनींचं विचारलं नाही. दुपारी त्याच्या डब्यातली चटणी माझ्या डब्यात टाकली, तीही न विचारता.

शांतपणे विचार केला. ज्योत्स्ना पहाटेपासून उभी होती. थकलेलं माणूस काहीही बोलून जातं. शिवाय रस्त्यात, चालता चालता असले निर्णय होत नसतात. कायम घेतलं म्हणजे काय, सरकारी नोकरीसुद्धा सोडता येते. उन्हाळ्यात केंद्राला सुट्टी असणार. तोपर्यंत मी वजन कमी करणे, स्वयंपाक शिकणे. पुढच्या वर्षी अर्ध मॅरेथॉन.

अंगठ्याचं नख काळं पडलं आहे.

१७ डिसेंबर, बुधवार
फुंकरला सुट्टी नसते. वेबसाइटवर पाहिलं.

२१ डिसेंबर, रविवार
सकाळी ज्योत्स्नाचा फोन. तिने केला. तिकडे थंडी वाढली आहे, स्वेटर आणि दोन शाली पाठवता येतील का. आणि शिलाई मशीन. केंद्रातल्या मोठ्या मुलींना शिकवायचं आहे. मी म्हणालो, आजच पाठवतो.

कपाटातून स्वेटर काढले. एका शालीला अजून तिच्या तेलाचा वास होता. जुन्या चादरीत सगळं बांधलं. मशीन पोत्यात घालून सुतळीने आवळलं. ऑटोवाला म्हणाला, शिफ्टिंग का साहेब? मी म्हणालो, हो.

बसस्टँडवर पार्सलच्या खिडकीशी पत्ता लिहायला घेतला. तिचं नाव लिहिलं. लातूर लिहिलं. मधलं येईना. दोन वर्षांत मी त्या खोलीवर कधी गेलो नाही. मी गेलो की दोघी स्टँडवरच भेटायला यायच्या, मला परतीची गाडी पकडायची असायची.

फोन लावला. तिने सावकाश सांगितलं. घर नंबर, गल्ली, खाली किराणा दुकान आहे, वर दुसरं दार. मी लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. बरोबर आहे म्हणाली. मग म्हणाली, पाय कसा आहे? मी म्हणालो, बरा आहे. मला भीमाचं विचारायचं होतं, या वेळी विचारलंही. ती म्हणाली, आता तीन शब्द बोलते. कोणते ते मी विचारलं. ती एकेक करून सांगत होती तोवर मागचे लोक ओरडायला लागले.

मशीन जड होतं. एका बाजूने हमालाने धरलं, दुसऱ्या बाजूने मी. डिकीत नीट आडवं ठेवलं. गाडी सुटायला वेळ होता, तरी सुटेपर्यंत थांबलो. मग घरी आलो.